केळीची यादी आणि १२७.०.०.४

रावेरकडच्या एका शेतकरी गटाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. उद्या कोणाच्या बागेत किती माल कापायचा, याची यादी रोज संध्याकाळी दिल्ली-पंजाबच्या व्यापाऱ्यांना मेलने जाते. ऐन मे महिन्यात एका संध्याकाळी बहुतेक मेल परत आले. शेरा सगळ्यांवर तोच, ५५०, म्हणजे मेल नाकारला: तुमचा आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) स्पॅमहॉसच्या काळ्या यादीत आहे. स्पॅमहॉस म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या ठेवणारी संस्था; त्या बघून मेल सर्व्हर मेल नाकारतात.

गटाचं काम बघणारे आप्पा तापले. "भो, आपण काय लोकांना लॉटरीचे मेल धाडतो का? पैसे भर अन् नाव काढ." पैसे घेऊन झटपट नाव काढणाऱ्या याद्याही असतात, त्यांच्या नादी लागू नये असं माझं मत. स्पॅमहॉस पैसे मागत नाही. तोवर आप्पांनी फोन फिरवायला घेतले. कापणी काही थांबत नाही.

नाव का चढलं ते डीएनएसलाच, म्हणजे इंटरनेटच्या नावनोंदवहीलाच, विचारता येतं. आयपीचे चार आकडे उलट्या क्रमाने लिहायचे, पुढे झेन डॉट स्पॅमहॉस डॉट ओआरजी जोडायचं. नाव नसेल तर काहीच सापडत नाही. आम्हाला उत्तर आलं १२७.०.०.४. शेवटी २ असता तर थेट स्पॅम पाठवल्याचा ठपका. ४ म्हणजे या आयपीमागचं एखादं मशीन व्हायरसने ताब्यात घेतलंय. आमच्या केळीच्या यादीशी भांडण नव्हतंच.

सर्व्हर आणि ऑफिसातले सगळे पीसी एकाच आयपीवरून बाहेर पडतात. राउटरवर पोर्ट २५ चा (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दाराचा) लॉग लावला आणि वजनकाट्याजवळचा पीसी सापडला. कीबोर्डवर केळीच्या चिकाचे काळे डाग, पडद्यावर निमूट काटापावती, आणि आतून कुठल्या कुठल्या अनोळखी सर्व्हरांकडे धडाधड मेल. कोणीतरी पेनड्राइव्हवरून फुकटचं बिलिंग सॉफ्टवेअर टाकलं होतं. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ऑफिसात सगळेच साधुसंत.

केबल उपटली. पोर्ट २५ सर्व्हरपुरता ठेवून बाकीच्यांना बंद केला, आणि मगच नाव काढायचा अर्ज केला. आधी केला असता तर नाव लगेच पुन्हा चढलं असतं. काटेवाल्याला पावत्या हाताने लिहाव्या लागल्या, त्याचा राग मात्र माझ्यावर.

नाव निघालं. जीमेलवाल्यांकडे मात्र यादी आणखी काही दिवस स्पॅममध्येच पडत होती. ते पाठवणाऱ्याची पत स्वतःच्या हिशेबाने मोजतात. व्यापाऱ्यांना 'स्पॅम नाही' हे बटण दाबायला सांगायचं काम आप्पांनी अंगावर घेतलं, तेही त्यांच्या रावेरी हिंदीत.