उजवा गुडघा आणि ‘सी’ची सीट

एसटीत कुठे बसायचं, हे आमच्या वेंगुर्ल्यात कुणाला शिकवावं लागत नाही. मागच्या बाकावर बसलं की कंबरेचा भुगा, चाकावरची सीट मिळाली तर पाय पोटाशी, आणि ज्याला गाडी लागते तो पुढे. विमानाचं मात्र मला शून्य ज्ञान होतं. तीन-चार वेळा गेले होते, पण एकटी, आणि मिळेल त्या सीटवर. आई सोबत आली तेव्हा सीटचा नकाशा पहिल्यांदा नीट बघितला. तोही एकदा तोंडावर आपटल्यानंतर.

भाऊ लंडनला असतो. आईचं वय 72, हातात काठी, आणि उजवा गुडघा असा की तासभर वाकवून ठेवला की आखडलाच. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबई, दोन दिवस डोंबिवलीला मामेबहिणीकडे, मग मुंबईहून थेट लंडन, असा बेत. चिपीचा विमानतळ घराजवळ खरा, पण तारखा जुळल्या त्या मोपाच्या.

मोपा-मुंबईचं विमान एअरबस ए320. मधे बोळ, दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटा. डावीकडे ए-बी-सी, उजवीकडे डी-ई-एफ. नकाशात बाराव्या ओळीवर ‘जास्त लेगरूम’ लिहिलेलं आणि जास्तीचे पैसे. आईच्या पायासाठीच जणू ठेवलीय म्हणत मी दोन सीटा घेऊन टाकल्या. खाली एक चौकट होती, तिच्यावर न वाचता टिचकी मारली. बँकेच्या फॉर्मवर सही करतो तशी.

काउंटरवरच्या मुलीने आधी काठी बघितली, मग स्क्रीन. “काकू, ही इमर्जन्सी दरवाज्याची ओळ आहे. इथे तुम्हाला बसवता येणार नाही.” त्या न वाचलेल्या चौकटीत हेच होतं: वेळ आली तर दरवाजा उघडायला मी मदत करीन. लहान मुलं, गरोदर बायका आणि ज्यांना हालचालीला त्रास आहे अशांना त्या ओळीत बसवत नाहीत. चूक माझीच. शिवाय अशा दोन ओळी लागोपाठ असल्या की पुढच्या ओळीची पाठ मागे रेलत नाही, कारण मागच्या दरवाज्याची वाट अडेल. म्हणजे पैसे भरून ताठ बसायचं! विमान भरलेलं होतं. आईला 26 बी मिळाली आणि मला तिच्या मागच्या ओळीत ई. दोन अनोळखी माणसांमध्ये आई तासभर पाय दुमडून बसली. मुंबईला उतरताना मी एका बाजूने आणि तिथला एक पोरगा दुसऱ्या बाजूने धरून उठवलं. सीटांचे पैसे अक्कलखाती.

आता धास्ती होती लंडनची. नऊ-दहा तास! तिथेही मी शहाणपणा करून ठेवलाच होता, समोर भिंत असलेल्या पहिल्या ओळीच्या सीटा घेऊन. पुढे कुणाची पाठ नाही, म्हणजे ऐसपैस, असा हिशोब.

डोंबिवलीला रात्री जेवणं झाल्यावर आईला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची भिंतीकडे सरकवली. गुडघ्याला जागा भरपूर, पण पाय लांब केला की अंगठा भिंतीला. मग भिंतीऐवजी समोर दुसरी खुर्ची ठेवली. आता पाऊल खुर्चीखाली सरळ आत गेलं. गुडघा आखडणाऱ्या माणसाला गुडघ्यापुढची जागा नको असते, पावलापुढची हवी असते, हे मला त्या खुर्च्यांनी शिकवलं. भिंतीच्या ओळीची आणखी दोन दुखणी: ट्रे हाताच्या दांड्यात घडी घातलेला असतो, त्यामुळे दांडा वर होत नाही, आणि उडताना-उतरताना पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत. आईची औषधांची पिशवी म्हणजे तिचा जीव. भर म्हणून बाळांचे पाळणे त्याच भिंतीला अडकवतात.

मामेबहीण म्हणाली, “पण पाय बाहेर काढायचा तर बोळ कुठल्या बाजूला पाहिजे?” हे मला सुचलंच नव्हतं. दुखरा पाय उजवा, म्हणजे बोळ आईच्या उजव्या हाताला हवा. ए320 मध्ये तशी सीट फक्त सी. डी घेतली तर बोळ डावीकडे, तिकडे चांगला पाय. सगळेजण नुसतं ‘आयल घ्या’, म्हणजे बोळाकडची सीट घ्या, सांगतात, कुठल्या बाजूची ते कुणी सांगत नाही.

लंडनचं विमान बोईंग 787, तीन-तीन-तीन, दोन बोळ. इथे उजव्या हाताला बोळ असलेल्या सीटा दोन: डाव्या गटातली कडेची, नाहीतर मधल्या गटातली उजव्या टोकाची. डाव्या गटात आतल्या दोघांना बाहेर पडायचं तर आईलाच उठावं लागणार. मधल्या गटात तिच्या शेजारी एकच माणूस, म्हणजे मी. पलीकडचा त्याच्या बाजूच्या बोळातून जाईल. मधली सीट माझ्या नशिबी आली, पण आईला कुणासाठी उठावं लागणार नव्हतं. भिंतीच्या सीटा सोडल्या, ते पैसेही पहिल्या पैशांच्या शेजारी जाऊन बसले.

ओळ निवडताना एसटीच उपयोगी पडली. गाडीत दोन चाकांच्या मधे आदळआपट कमी, तसंच विमानात पंखांच्या आसपास. शेपटीकडे हिसके जास्त. स्वच्छतागृह तीन-चार ओळींवर असावं: चालून जाता येईल इतकं जवळ, रांग डोक्यावर उभी राहणार नाही इतकं लांब. आणि मोठं विमान म्हणजे मोठी सीट हा गैरसमज. ए320 ची सीट साधारण 18 इंच रुंद, नऊ सीटांची ओळ असलेल्या 787 मध्ये जेमतेम 17.

विमानात बसल्यावर आईच्या बाजूचा दांडा आडवाच. ओढून बघितला, हलेना. हवाईसुंदरीने वाकून दांड्याखाली, बिजागरीपाशी बोट घातलं, आतली खिटी दाबली आणि दांडा वर. दिसत नाही अशा जागी असते ती खिटी. सगळ्या सीटांना नसते, पण चाचपून बघायला काय जातं? आई आडवी सरकून, पाय आधी बाहेर काढून, कुणाच्या आधाराशिवाय उठली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर गुडघा दिसला नाही.

उड्डाण झाल्यावर पाय बोळात. ट्रॉली आली की मी “आई, पाय” म्हणायचे, ती आत घ्यायची. दिवे मालवल्यावर एकजण अडखळलाच, मग रात्री पाय पुढच्या सीटखाली. दर दीड-दोन तासांनी मी तिला स्वच्छतागृहापर्यंत फिरवून आणत होते. मधल्या सीटवर माझी झोप अशी झालीच नाही.

एवढं सगळं मी मोठ्या कौतुकाने केलं, आणि परत येताना मुंबई-मोपासाठी 14 सी घेतलेली सांगितली, तर आई म्हणाली, “माका खिडकी व्हयी.”

“पायाचं काय?”

“तासभराचा तर हा. जाताना त्या दोघांच्या मधे काय दिसला माका?”

मुंबईहून दक्षिणेकडे तोंड केलं की समुद्र उजव्या हाताला. म्हणून एफ घेतली. खिडकी सीटच्या बरोबर बाजूला येते ना, हेही विचारून घेतलं, कारण खिडक्या विमानाच्या सांगाड्याप्रमाणे असतात आणि ओळी कंपनीच्या मर्जीप्रमाणे. कधीकधी खिडकीच्या सीटला नुसती भिंत मिळते.

खिडकी बरोबर होती. पण विमान किनाऱ्यापासून आत, समुद्रावरून गेलं. किनारा, खाड्या, वाळूच्या पट्ट्या, सगळं डावीकडच्या ए-बी-सीवाल्यांना. आम्हाला नुसतं पाणी. शेवटी उतरण्याआधी विमान डावीकडे वळलं, तिकडे कललं, आणि आमच्या खिडकीत तर नुसतं आभाळ राहिलं.

आईने कपाळ काचेवरून मागे घेतलं. “फुडच्या वेळेक ए घे गो,” ती म्हणाली आणि गुडघा चोळू लागली.