शेवट कळतो, तरी का वाचते

प्रश्न दोन हप्त्यांत येतो. आधी, "एवढ्या थ्रिलर वाचता, शेवट आधीच कळत असेल ना?" मी हो म्हटलं की लगेच, "मग वाचता कशाला?" आणि निघता निघता तिसरा, "शेवटी जबरदस्त धक्का आहे अशी एखादी सांगा ना." तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते, कारण तोंडी उत्तर देताना मी दरवेळी दुसऱ्या वाक्यापाशी अडते आणि समोरच्याला वाटतं, हिला शिष्टपणा करायचाय.

शेवट बरेचदा कळतो, हे खरं. त्यात हुशारी कमी आणि हिशेब जास्त असतो. ४०० पानांच्या कादंबरीत ३०० व्या पानाच्या आसपास कुणाला अटक झाली, तर तो माणूस बहुतेक निर्दोष असतो, कारण उरलेल्या १०० पानांना काहीतरी काम हवं. ई-रीडरवर तर खाली टक्केच दिसतात. ७४ टक्क्यांवर मिळालेल्या कबुलीजबाबावर कोण विश्वास ठेवणार? ते टक्के सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, पुष्कळ मजा परत मिळेल.

दुसरा हिशेब पात्रांचा. प्रत्येक पात्र कथेत कुठल्या तरी कामाला ठेवलेलं असतं. कुणी माहिती आणतं, कुणी अडवतं, कुणावर संशय घ्यायचा असतो. एखादी शेजारीण किंवा जुना मित्र दर तिसऱ्या प्रकरणात येतो, विचारपूस करतो, मदत करतो आणि तरी त्याला वगळलं तर कथेचं काहीच अडत नाही, असं दिसलं की त्याच्यावर नजर ठेवावी. त्याचं काम अजून यायचं आहे.

तिसरी गोष्ट सुगावा कुठे दडवतात ती. एक जुनी जागा म्हणजे यादीचा मधला भाग. टेबलावर चष्मा, औषधाची बाटली, फाटकं पाकीट, विझलेला दिवा असं वर्णन आलं, तर पहिली आणि शेवटची वस्तू वाचकाच्या लक्षात राहते, म्हणून लेखक कामाची वस्तू मध्ये सरकवतो. दुसरी जागा गोंगाटाच्या आधीची. सुगावा देऊन झाला रे झाला की फोन वाजतो, काच फुटते, कुणीतरी रडत आत येतं. असं झालं की मी मागच्या चार ओळी पुन्हा वाचते.

आता "मग वाचता कशाला". खून कोणी केला हे कळणं हा रहस्यकथेचा सर्वांत छोटा भाग आहे. माझ्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मला दिसू न देण्यासाठी लेखकाने वाक्यं कशी रचली, हे शेवट ओळखूनही कळत नाही. ते दुसऱ्या वाचनात कळतं. माझ्या मते जी थ्रिलर दुसऱ्यांदा वाचवत नाही, ती पहिल्यांदाही पुरती वाचण्याजोगी नव्हती.

हे मी कशावरून म्हणते ते अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' या पुस्तकावरून सांगते. सुमारे १०० वर्षांपूर्वीचं आहे, तरी ज्यांना वाचायचं असेल त्यांनी पुढचे पाच परिच्छेद सोडून द्यावेत. मी शेवट फोडणार आहे, त्याशिवाय बोलताच येत नाही.

ही कादंबरी १९२६ साली आली. गावातला डॉक्टर शेपर्ड कथा सांगतो, गुप्तहेर पॉयरोला अ‍ॅक्रॉइडच्या खुनाच्या तपासात मदत करतो आणि खुनी तोच निघतो. त्या काळी 'हा रडीचा डाव आहे' असं म्हणणारे पुष्कळ निघाले. १९२९ साली रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांत एक असा होता की तपास करणाऱ्याच्या साध्याभोळ्या मित्राने मनातलं काहीही वाचकापासून लपवू नये. शेपर्ड नेमकं तेच लपवतो. मीही पूर्वी याच बाजूची होते. सांगणाऱ्यानेच लपवायचं ठरवलं तर वाचकाने शोधायचं काय, हा माझा ठरलेला मुद्दा होता.

मग मिनिटं मोजली. खुनाच्या रात्री टपालाने आलेलं एक पत्र अ‍ॅक्रॉइडच्या अभ्यासिकेत येतं, तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी असतात. शेपर्ड तिथून निघतो तेव्हा नऊला दहा कमी असतात आणि पत्र अजून वाचायचंच असतं. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो क्षणभर थांबतो, मागे पाहतो, काही करायचं राहिलं का असा विचार करतो. सगळी वाक्यं खरी आहेत. एकही खोटं नाही. आठ चाळीस आणि आठ पन्नास ही दोन्ही घड्याळं शेजारशेजारच्या वाक्यांत छापलेली आहेत आणि खून त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झालेला आहे.

एवढ्यावरच ते थांबत नाही. पुढे तो फाटकाबाहेर पडतो तेव्हा चर्चच्या घड्याळात नऊचे ठोके पडतात. घरापासून फाटक पाच मिनिटांवर. मग दहा मिनिटं कशी लागली, हे पॉयरोच्या ध्यानात येतं. म्हणजे दोन भोकं आहेत, एक खोलीतलं आणि एक रस्त्यावरचं. पहिलं नजरेतून सुटलं तर दुसरं सापडावं अशी सोय लेखिकेने करून ठेवली आहे. साडेनऊला अभ्यासिकेतून अ‍ॅक्रॉइडचा आवाज ऐकू येतो म्हणून आपण आठ पन्नासकडे परत वळून बघतच नाही, आणि तो आवाज डिक्टाफोनचा, म्हणजे बोलणं टिपून पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्राचा असतो.

शेवटच्या प्रकरणात शेपर्ड स्वतःच ती वाक्यं उद्धृत करतो आणि म्हणतो की पहिल्या वाक्यानंतर मी फुल्यांची ओळ टाकली असती, तर मधल्या रिकाम्या दहा मिनिटांबद्दल कुणाला तरी शंका आली असती. हे वाचलं आणि माझा ठरलेला मुद्दा डळमळला. इथे लेखिका लपवण्याची जागासुद्धा दाखवते. वाचकाला सगळा माल दिलेला होता, फक्त तो जोडायचा होता.

तरी माझी जुनी बाजू पूर्ण हरलेली नाही. खरी वाक्यं निवडून खोटं चित्र उभं करणं याला खोटं बोलणं म्हणायचं की नाही? कोर्टात साक्षीदाराने असं केलं तर आपण काय म्हणू? कादंबरी कोर्ट नाही, हे मी स्वतःला सांगते, आणि तरी प्रत्येक लपवाछपवी करणारा निवेदक भेटला की हाच वाद पुन्हा सुरू होतो. एक कसोटी मात्र मी आता धरून बसले आहे: लपवलेल्या जागेला काठ हवा. वेळेची फट, न जुळणारं अंतर, जागेवरून हललेली खुर्ची, काहीतरी हाताला लागलं पाहिजे.

लपवलेल्या जागेला काठ हवा, हीच कसोटी अलीकडच्या पुस्तकांना लावते, म्हणून माझी मतं तुम्हाला खडूस वाटतात. गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' २०१२ मध्ये आली आणि पुढच्या कित्येक थ्रिलरांनी तिचा साचा उचलला: नवरा-बायको आळीपाळीने बोलणार, मध्ये डायरी. पण नक्कल करणाऱ्यांनी मुख्य गोष्टच सोडली. फ्लिन मोठा भेद निम्म्यावरच उघडते आणि उरलेलं अर्धं पुस्तक 'आता पुढे काय' यावर चालवते. धक्का शेवटासाठी राखून ठेवला, की आधीची ३५० पानं नुसती वाट पाहण्यात जातात.

पॉला हॉकिन्सच्या २०१५ च्या 'द गर्ल ऑन द ट्रेन'मध्ये दारूमुळे निवेदिकेला रात्रीचं आठवत नाही. विस्मृतीची युक्ती मला एरवी आवडत नाही, कारण आठवण नेमकी लेखकाच्या सोयीच्या पानावर परत येते. इथे ती चालते. त्या विसरण्यालाच कथेत वजन आहे, ते नुसतं झाकण नाही. माझी तक्रार वेगळी आहे: तीन बायका बोलतात आणि प्रकरणावरचं नाव झाकलं तर कोण बोलतंय हे ओळखणं कठीण जातं.

अ‍ॅलेक्स मायकेलिडीसच्या २०१९ च्या 'द सायलेंट पेशंट'वर मी सुरुवातीला अन्याय केला. फसवलं, असं म्हणून मोकळी झाले होते. दुसऱ्यांदा वाचताना प्रकरणांवर काय लिहिलं आहे आणि काय लिहिलेलं नाही ते पाहिलं. बघा, तुम्हीही बघा. यापुढे बोलत नाही.

रिचर्ड ऑस्मनच्या 'द थर्सडे मर्डर क्लब'चे चाहते माझ्यावर रागावतात. रहस्य म्हणून ते ढिलं आहे. पण त्यात तपास करणारी ती म्हातारी माणसं इतकी जिवंत आहेत की मी ते दुःख म्हणून वाचते, तपास म्हणून नाही.

आणि शेवटची शिफारस हवीच असेल तर केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी पुस्तक २००५ चं. खून कोणी केला हे सुरुवातीलाच समोर दिसतं. तरीही वाचक फसतो. त्यातला गणिताचा शिक्षक परीक्षेत असा प्रश्न काढतो, जो भूमितीचा वाटतो आणि असतो फलनाचा, म्हणजे फंक्शनचा. लेखकाने किल्ली तिथे उघड्यावर ठेवली आहे. 'शेवटी धक्का आहे का' विचारणाऱ्यांनी आधी हे वाचावं. शेवट माहीत असणं आणि पुस्तक कळणं यांतलं अंतर तिथे दिसतं.

अजून एक गोष्ट, जी मला कुणीच विचारत नाही. थ्रिलर मराठीत आणताना जे बिघडतं ते अनुवादकाच्या हातात नसतं, ते भाषेतच असतं. निनावी खुन्याची 'मी' म्हणून येणारी दोन-दोन पानांची प्रकरणं इंग्रजीत सहज लपतात. मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हणावंच लागतं आणि निम्मे संशयित तिथेच सुटतात. पळवाट आहे: 'मी पाहिलं', 'मी दार लावलं', 'मला कळलं' यांत बाई की पुरुष हे उघड होत नाही. कसलेला अनुवादक अशाच क्रियापदांवर पानभर तगू शकतो. पण येणं, जाणं, बसणं, पळणं, आणि जवळजवळ सगळा वर्तमानकाळ हातचा जातो, आणि आजकालच्या पुष्कळ थ्रिलर तर वर्तमानकाळातच लिहिलेल्या असतात. 'तू' आणि 'तुम्ही'चंही तेच. अनोळखी असल्याचं सोंग करणारी दोन पात्रं इंग्रजीत एकमेकांना 'यू' म्हणून सुटतात. मराठीत त्यांना 'तुम्ही' म्हणायला लावलं तर अनुवादकाने खोट्यात भाग घेतला, 'तू' म्हणायला लावलं तर गुपित फोडलं.

पण मराठीत मुळातूनच लिहिणाऱ्याला हेच केवढं मोठं हत्यार आहे! दीडशे पानं एकमेकांना 'तुम्ही' म्हणणाऱ्या दोघांपैकी एकाच्या तोंडून, घाईत, एका वाक्यात 'तू' निसटतं आणि लगेच दारावरची बेल वाजते. अशी मराठी कादंबरी मी अजून शोधते आहे. तुमच्या वाचनात आली असेल तर कळवा, फक्त कितव्या पानावर ते सांगू नका.