टेबलाखालचं खोकं

शिकवणाऱ्या माणसाच्या घरातून कचरा सहजासहजी बाहेर पडत नाही. बाटलीच्या झाकणात त्याला चाक दिसतं, दोऱ्याचं रीळ संपलं की कप्पी दिसते, आणि बंद पडलेलं घड्याळ म्हणजे तर पर्वणीच, कारण आता काटे हवे तसे फिरवता येतात! घरातली माणसं आधी चेष्टा करतात, मग वैतागतात आणि शेवटी एक दिवस स्वतःच टूथपेस्टचं रिकामं खोकं पुढे करून विचारतात, "हे हवंय का?" इथवर आलं की लागण सगळ्या घराला झाली असं समजावं.

माझं खोकं टेबलाखाली असतं. त्यात काय काय आहे ते मला धड सांगता येणार नाही, पण सुंदर असं काही नाही एवढं नक्की.

सुंदर वस्तू शाळेतल्या काचेच्या कपाटात असतात. थर्माकोलचा ज्वालामुखी, लाल-निळं रंगवलेलं हृदय, तारेवर लटकणारी ग्रहमाला. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून काढलं, पण कपाटातल्या तारेवरून त्याला अजून कोणी उतरवलेलं नसतं. पाहुणे आले की कुलूप निघतं, ते गेले की पुन्हा लागतं. या वस्तूंवर माझा राग नाही. ज्याने त्या केल्या तो कापताना, चिकटवताना, माप चुकून पुन्हा कापताना भरपूर शिकला असणार. पण शिकण्यासारखं सगळं तोच शिकून बसला. पुढच्या मुलाला फक्त बघायचं उरलं, आणि वर चिठ्ठी, 'हात लावू नये'.

माझ्या मते शिकवायच्या साधनात थोडं काम मुलाच्या हातासाठी राखून ठेवलेलं असावं. फ्रीड्रिख फ्रोबेलला हे फार लवकर उमगलं होतं. जर्मनीतल्या ब्लँकेनबुर्गला १८३७ साली त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केलं, आणि तिथूनच पुढे किंडरगार्टन उभं राहिलं. त्याने मुलांसाठी जे संच केले त्यांना तो 'भेटी' म्हणत असे. पहिल्या भेटीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसऱ्या भेटीत लाकडाचा गोल, घन आणि दंडगोल. बस्स. पण त्यांना दोरी अडकवायची सोय होती आणि सगळी गंमत त्या दोरीत होती. घन टांगून जोरात गरगर फिरवला की त्याचे कोपरे हवेत विरतात आणि डोळ्यांना दंडगोल दिसतो. दंडगोल आडवा टांगून फिरवला की गोल दिसू लागतो. तीन ठोकळे आपले नातेसंबंध आपणच सांगतात, फक्त कोणीतरी गिरकी द्यावी लागते. अशा निरुपद्रवी माणसाच्या बालवाड्यांवर प्रशियाच्या सरकारने १८५१ साली बंदी घातली, समाजवाद आणि नास्तिकपणा पसरेल म्हणून! ती उठली १८६० साली. फ्रोबेल तोवर गेला होता. त्याच्या स्मारकावर मात्र घन, दंडगोल आणि गोल एकावर एक उभे आहेत.

माँटेसरीबाईंचा गुलाबी मनोरा याच कुळातला. दहा घन, सगळ्यांत लहानाची कड १ सेंटिमीटर, सगळ्यांत मोठ्याची १०. एकावर एक रचायचे, एवढंच. चुकलं तर बाईंनी येऊन सांगायची गरज नाही, मनोराच बेंगरूळ दिसतो. नीट रचला तर उंची भरते ५५ सेंटिमीटर. आता सगळ्या ठोकळ्यांचं घनफळ मिळवून पाहा. ते येतं ३०२५ घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ५५ गुणिले ५५! चार वर्षांच्या पोराला यातलं काही कळायची गरज नाही. त्याला कळतं ते एवढंच की शेवटचा ठोकळा चिमटीत येतो आणि पहिल्याला दोन्ही हात लागतात. गणित तिथे थांबलेलं असतं, घाई नसते त्याला.

बेल्जियममधल्या जॉर्ज क्विझनेर नावाच्या शिक्षकाच्या रंगीत कांड्या मला त्याहून आवडतात. १ सेंटिमीटरची पांढरी, २ ची लाल, ५ ची पिवळी, ७ ची काळी, अशा १० च्या नारिंगीपर्यंत. त्याने त्या १९५२ साली पुस्तकातून मांडल्या. त्यांच्यावर एकही रेघ नाही, आकडा नाही. रेघा असत्या तर मुलांनी बोट ठेवून मोजलं असतं. रेघाच नाहीत म्हटल्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहावं लागतं. पिवळी आणि लाल टोकाला टोक लावली की काळीइतकी होते. पुष्कळ उत्साही मंडळी अशा कांड्या घरी करतात आणि सोय म्हणून त्यावर सेंटिमीटरच्या खुणा पाडतात. तिथे साधन संपतं आणि पट्टी सुरू होते.

आता इथे एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. जूडी डीलोश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञबाईंचा १९८७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एक खोली आणि हुबेहूब तिच्यासारखी छोटी प्रतिकृती. प्रतिकृतीत छोटं खेळणं लपवताना मुलाला दाखवायचं आणि सांगायचं की मोठं खेळणं खऱ्या खोलीत त्याच जागी आहे, जा शोध. तीन वर्षांची बहुतेक मुलं सरळ जाऊन काढायची. अडीच वर्षांची गोंधळायची. पुढच्या प्रयोगांत बाईंनी ती प्रतिकृती काचेमागे ठेवली, तर अडीच वर्षांच्यांना जास्त जमलं! आणि तीन वर्षांच्यांना आधी तिच्याशी मनसोक्त खेळू दिलं, तर त्यांचं बिघडलं. म्हणजे काचेच्या कपाटाला वकील मिळाला की.

पण वकिलाचं म्हणणं नीट ऐकावं. ती छोटी खोली इतकी गोड होती की मुलांना ती स्वतःच एक खेळणं वाटली. तिच्यातून पलीकडची खोली दिसेना. माझ्या खोक्यातल्या झाकणावर असा मोह कोणाला पडणार? झाकण हातात घेऊन 'हा चंद्र' म्हटलं की ते मुकाट्याने चंद्र होतं. चमकी लावलेला, डोळे रंगवलेला, हसरा चंद्र आणला की अर्धा वर्ग त्याच्या डोळ्यांबद्दल बोलतो.

चंद्राचं निघालंच आहे तर, पृथ्वीचा ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल टेबलावर ठेवा. या मापाने चंद्र म्हणजे साधारण ८ सेंटिमीटरचा चेंडू. तो मुलांच्या हातात द्या आणि म्हणा, योग्य अंतरावर जाऊन उभे राहा. सगळी मुलं वीतभर अंतरावर चेंडू धरतात, कारण पुस्तकातल्या चित्रात तो तिथेच असतो. खरं अंतर पृथ्वीच्या तीस व्यासांएवढं, म्हणजे ९ मीटर. पुष्कळ वर्गांत चंद्र दाराबाहेर जातो. चेंडू घेतलेलं पोर मागे मागे सरकत जातं, "अजून?" विचारतं, आणि त्या प्रत्येक 'अजून'ला वर्गात हशा पिकतो. मग विचारावं, अंतराळ स्थानक कुठे धरायचं? ते जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, म्हणजे या गोलापासून जेमतेम १ सेंटिमीटर. करंगळी गोलाला आडवी टेकवली की झालं. आणि एव्हरेस्ट? ०.२ मिलिमीटर. ज्या गोलांवर पर्वतांचे उंचवटे बोटाला जाणवतात, ते गोल भारी असतात आणि खोटंही बोलतात.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश, हे तर फाडूनच शिकवावं. प्रत्येकाने आपला वेडावाकडा त्रिकोण कापायचा, तिन्ही कोपरे फाडायचे आणि टोकं एका बिंदूवर आणून शेजारी शेजारी लावायची. सरळ रेघ येते. सगळ्यांची येते, आणि याचाच सगळ्यांना संशय येतो. ही सिद्धता नव्हे, पण सिद्धता कशाला हवी ते यातून कळतं. एकच तोटा, साहित्य जागेवर संपतं. नोंदवहीत 'त्रिकोण, फाटलेले' असा रकाना नसतो.

पुठ्ठ्याला कमी लेखणाऱ्यांसाठी एकच दाखला. १९५३च्या फेब्रुवारीत जेम्स वॉटसन हा शास्त्रज्ञ केंब्रिजला कार्यशाळेतून धातूचे नमुने यायची वाट बघत होता. ते येईनात, म्हणून त्याने डीएनएमधल्या चार घटकांचे आकार पुठ्ठ्यातून कापले आणि टेबलावर सरकवत बसला. सरकवता सरकवता त्याला दिसलं की त्यांच्या दोन जोड्या जमतात आणि दोन्ही जोड्यांचा आकार सारखाच भरतो. तिथून डीएनएचा खरा आकार, म्हणजे दुहेरी सर्पिल, फार लांब नव्हता.

एवढं सगळं सांगून झालं, तरी मला सगळ्यांत थोर साधन विचाराल तर मी काड्या आणि रबरबँड म्हणेन. दहा काड्या, एक रबरबँड, झालं दशक. ४२ मधून १७ वजा करायचे आहेत. चार गठ्ठे, दोन सुट्ट्या. दोनातून सात जात नाहीत. मग काय करायचं? मूल गठ्ठ्याकडे बघतं, तुमच्याकडे बघतं आणि विचारतं, "रबर काढू?" फळ्यावर चाराचे तीन करून दोनाच्या डोक्यावर एक लिहिताना जे मंत्र वाटतं, ते इथे बोटांनी होतं. बाजारात मिळणाऱ्या ठोकळ्यांच्या संचात दशकाचा दांडा अखंड असतो. तो सोडवता येत नाही, देऊन दहा सुटे घ्यावे लागतात. तो व्यवहारही शिकायला हवाच, पण नंतर. आधी सोडणं, मग बदलून घेणं. उलट्या क्रमाने गेलं की काही मुलं कायमची बिचकतात.

काड्यांचा दुर्गुण म्हणजे त्या हरवतात. तुटतात, कोणीतरी कान कोरायला नेतं, एखादी टेबलामागे जाते. त्यामुळे जुन्या संचातला कुठलाही गठ्ठा विश्वासाने उचलावा असा नसतो. एकदा वजाबाकी ऐन रंगात असताना एका मुलीने रबर काढलं आणि ओरडली, "यात नऊच आहेत!" वर्गात तट पडले. एक पक्ष म्हणाला, रबर लावलेलं आहे म्हणजे ते दशकच. दुसरा म्हणाला, नऊ ते नऊ, वर सोन्याचं रबर लावा. तिसऱ्या पक्षाने काहीही न बोलता उरलेले सगळे गठ्ठे सोडून मोजायला घेतले आणि बघता बघता सगळं बाक काड्यांनी भरलं. वजाबाकी राहिली, पण गठ्ठे मोजून झाले. आणखी दोन गठ्ठ्यांत नऊ निघाल्या आणि एकात अकरा.