पिंजारी चाचांना सगळं ठाऊक होतं

रात्रीच्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून एसटीने अंजनगाव. पूर्वी या टप्प्याला शकुंतला असायची. मूर्तिजापूर ते अचलपूर, अरुंद रुळांवरून, 1994 पर्यंत तर वाफेच्या इंजिनावर. ती बंद पडून काही वर्षं झाली. एसटी लवकर पोचवते हे कबूल, पण दर्यापूरपासून पुढे मला टेकायलाही जागा मिळाली नाही. ज्या लग्नासाठी गेलो त्याबद्दल एवढंच सांगतो, की डीजे होता.

दुसऱ्या दिवशी गल्लीत चक्कर मारली. भाड्याच्या सायकलींच्या जागी मोबाइलचं दुकान, पिठाच्या गिरणीच्या जागी कॉम्प्लेक्स. बऱ्याच घरांना कुलपं. पोरं पुण्या-नागपुरात, माझ्यासारखीच. ज्या घरात माणूस सापडलं तिथे चहा. नाही म्हणायची सोय नाही. ‘काऊन रे, पुन्याचा झाला म्हनून चहा बी नाई का?’ आमच्या वऱ्हाडातला पाहुणचार प्रेमळ असतो, पण पित्ताचा विचार करत नाही.

पिंजारी चाचा ओट्यावरच बसलेले होते. आता दुकान मुलाचं. आत रुई पिंजायचं मशीन, आणि दर्शनी भागात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फोमच्या गाद्या. मला फोमवर झोप लागत नाही, पण ते तिथे बोललो नाही.

आमच्या लहानपणी कापसाच्या मुलखात राहून तयार गादी आणणं हा कमीपणा समजत. वेचणीतला थोडा कापूस घरी राखायचा, जिनातून सरकी काढून आणायची आणि रुई चाचांकडे टाकायची. छताला टांगलेली धनुकली, तिच्या तातीवर लाकडी ठोकळ्याचे टोले, दुपारभर टँव-टँव. चाचांच्या भुवया, मिशा, कानांवरचे केस, सगळं रुईने पांढरं. आता ते नुसतेच पांढरे झालेत.

मला ओळखायला वेळ लागला. आडनाव सांगितलं तरी चेहरा कोराच. मग मी घराची खूण सांगितली, कडुनिंबासमोरचं, तेव्हा म्हणाले, “हा, हा! निया पट्ट्याची खोळ. एक गादी जरा लांबोळी.”

बरोबर! आमचे काका उंच होते.

मग चाचा सुटलेच. गल्लीतलं एकेक घर त्यांनी गादीवरून सांगितलं. नवी गादी आणि दोन उश्या सांगितल्या, की पोरीचं जमलं. चिमुकली गादी सांगितली, की लेक बाळंतपणाला येणार. मोठी गादी उसवून तिच्या दोन अरुंद करून मागितल्या, की त्या घरात नवराबायकोचं बिनसलं. जुन्या रुईत नवी मिसळून ‘सगळी नवीच आहे’ असं व्याह्यांना कोण सांगायचं, तेही त्यांना ठाऊक. नावं मात्र एकाचंही घेतलं नाही. मी खोदून पाहिलं.

“आमच्या घरचं काय, चाचा?”

त्यांनी आत मुलाकडे पाहिलं, आवाज खाली केला. “तुह्या आजीच्या गादीत नोटा निंगाल्या होत्या. फडक्यात बांधेल. म्या नेऊन देल्या. म्हने, चाचा, बुढ्याले सांगू नोका.”

आजोबा आठ आण्यांचासुद्धा हिशेब मागत. आणि रोज रात्री त्याच गादीशेजारी झोपत!

“किती होत्या?”

चाचा हसले. “ते नाई सांगत, बेटा. गिऱ्हाइकाची गोठ हाये.”