टी४३०ची डायरी, भाग ६ : शॉर्ट सापडला, टी४८० लांबणीवर

सापडला एकदाचा! माझा थिंकपॅड टी४३० लॅपटॉप बंद पाडणारा शॉर्ट, म्हणजे वीज भलत्याच वाटेने थेट ग्राउंडला जाणं. आणि त्याचं मूळ, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा सिरॅमिक कॅपॅसिटर (वीज साठवणारा चिमुकला भाग). त्याच्यापायी माझ्या बारा संध्याकाळी गेल्या. मागच्या भागात मी तावातावाने ‘रविवारपर्यंत शॉर्ट मिळाला नाही तर टी४८० (याच मालिकेतला नंतरचा लॅपटॉप) घेतो’ असं लिहून मोकळा झालो होतो, आणि तुम्हीही ‘घेऊनच टाक’ म्हणून मला पार बोहल्यावर चढवलं होतं. सापडला शनिवारी रात्री सव्वाअकराला.

दुकानदाराचं निदान आठवत असेल. मागचं झाकणही न काढता ‘फुल शॉर्टिंग, बोर्ड डेड’, आणि जुन्या बाजारातला बोर्ड बसवून द्यायचे साडेसात हजार, गॅरंटी शून्य. आठव्या पिढीचा, वापरलेला टी४८० मला वीस हजारांच्या आसपास मिळत होता. साडेसात की वीस, या प्रश्नावर मी आठवडाभर डोकं शिणवलं. पण बिघाड नेमका कुठे आहे हेच माहीत नसताना हे आकडे एकमेकांशेजारी मांडून करायचं काय? तो हिशेब मी वहीतून खोडला आणि मीटर हातात घेतला.

डीसी जॅकपासून (अडॅप्टरची पिन जाते ते भोक) इनपुटच्या मॉसफेटपर्यंत (विजेचा इलेक्ट्रॉनिक स्विच) सगळं निर्मळ. त्याच्या पलीकडे, म्हणजे व्हीआयएनटी२० या २० व्होल्टच्या मुख्य लाइनवर, ग्राउंडशी ०.५ ओहम, त्यातले ०.२ माझ्या मीटरच्या वायरींचेच. आता ही लाइन बोर्डभर फिरते. प्रोसेसर, रॅम, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, सगळे इथूनच पाणी भरतात, आणि तिच्यावर समांतर बसलेले कॅप (कॅपॅसिटर) मोजता मोजता मी कंटाळलो. मीटरला ते सगळेच शॉर्ट दिसतात. चाळीत एक पाइप फुटावा आणि प्रत्येक घरातला नळ कोरडा पडावा, तशी गत. फुटलाय कुठे ते नळाकडे बघून कळत नाही.

इथे मी घोडचूक केली. भाग २ मध्ये लॅपटॉपवर सांडलेला चहा आठवतो? त्याचा डाग ५ व्होल्टच्या मॉसफेटपाशी होता. आरोपी आयताच मिळाला म्हणून मी मॉसफेट उचलला. शॉर्ट जागच्या जागी, वर मॉसफेटखालचं एक पॅडही (सोल्डर बसायची तांब्याची जागा) उखडून आलं. तिथे जंपर (वायरचा तुकडा) ओढून सगळं पूर्ववत करण्यात दोन रात्री गेल्या. चहा निर्दोष होता.

मग सरळ वाटेला लागलो. लाइनला बाहेरून करंट द्यायचा आणि काय तापतं ते बघायचं. आधी प्रोसेसर काढून ठेवला. (तो सॉकेटात असणं हे केवढं सुख आहे! टी४८०मध्ये प्रोसेसर बोर्डाला कायमचा चिकटलेला असतो, हे विसरू नका.) प्रोसेसरच्या बकमधला (व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट) वरचा मॉसफेट फुटलेला असला तर बाहेरून दिलेला व्होल्टेज थेट प्रोसेसरच्या घशात जातो. म्हणून सप्लायही १ व्होल्टवर ठेवला आणि करंटची मर्यादा ३ अँपिअर.

थर्मल कॅमेरा माझ्याकडे नाही, त्यामुळे आयपीए, म्हणजे झटकन उडून जाणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोर्डावर ओतायचं आणि आधी कुठे सुकतं ते बघायचं. पहिल्या दिवशी औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं आणलं. त्यात उरलेलं पाणी! पुण्यातला जुलै, हवेत आधीच दमटपणा. बोर्ड नुसताच भिजून पडला. मी वाट बघत बसलो, मग वीज गेली. दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ९९ टक्केवालं आणलं. यात काटकसर करू नका एवढंच सांगतो. शिंपडलं, सप्लाय चालू केला, आणि दहाव्या सेकंदाला सगळा बोर्ड ओला चकचकीत असताना डाव्या कडेला एक ठिपका डोळ्यांदेखत कोरडा झाला. खात्रीसाठी आणखी दोनदा केलं. खरं सांगायचं तर खात्री पहिल्यांदाच झाली होती, पुढचे दोन प्रयोग निव्वळ मजेसाठी.

काढताना आमच्या २५ वॅटच्या सोल्ड्रॉन सोल्डरिंग आयर्नने हात टेकले. दोष तिचा नाही. कॅपचं एक टोक ग्राउंडच्या तांब्याला जोडलेलं, ते सगळी उष्णता पिऊन टाकतं. शेवटी खालून हेअर ड्रायरने बोर्ड ऊन केला, वरून हॉट एअर (गरम हवेचा झोत), भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वितळून वाहावं म्हणून लावायचं रसायन), आणि कॅप चिमट्यात आला. मीटर लावला. ०.५ नाही! आकडा चढत चढत किलोओहमवर गेला, म्हणजे शॉर्ट गेला. मी तो बराच वेळ नुसता बघत बसलो.

भिंगाखाली त्या कॅपला तिरकी चीर दिसते. बोर्ड वाकला की सिरॅमिक कॅपला अशी चीर जाते, कधी आतल्या थरांचा शॉर्ट होतो. बोर्ड कशाने वाकला असेल? मी उघडा लॅपटॉप नेहमी एका हाताने डावा कोपरा धरून उचलतो. आईने हजारदा सांगितलंय, ‘अरे, दोन हातांनी धर.’ तिला अजून बोललेलो नाही.

बाकीचे कॅप समांतर असल्यामुळे त्या एकावाचून चाचणीपुरतं अडत नाही. प्रोसेसर बसवला, हीटसिंक घट्ट केलं, अडॅप्टर लावून बटण दाबलं. स्क्रीनवर लोगो आला आणि त्याखाली ‘फॅन एरर’! पंख्याची वायर जोडायलाच विसरलो होतो. एरर बघून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

बदली कॅप मात्र तपकीर गल्लीत मिळाले ते १६ व्होल्टचे. ‘चालतंय, लावा’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका; लाइन २० व्होल्टची आहे, किमान २५चा हवा. कपाटातल्या एका मेलेल्या बोर्डावरून, तशाच लाइनवरचा, तेवढाच कॅप काढून लावला.

खर्च : आयपीए, फ्लक्स आणि डिसोल्डरिंग विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) मिळून सहाशेच्या आत. हॉट एअर स्टेशन यात धरायचं की नाही यावर घरात मतभेद आहेत. ‘दुरुस्ती सहाशेत झाली म्हणतोस, मग टेबलावरचं हे धूड कुठून आलं?’ असा बायकोचा सवाल आहे. ते मी भांडवली गुंतवणुकीत टाकलंय.

टी४८०वाल्यांचा मुद्दा मला मान्य आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ११च्या यादीत २०१२चं हे तिसऱ्या पिढीचं यंत्र बसत नाही. पण माझ्याकडे लिनक्स मिंटच आहे, आणि १६ जीबी रॅममध्ये माझं सगळं भागतं. बायकोचा लॅपटॉप बदलायला झालाय, तेव्हा टी४८० आला तर तिच्यासाठी.

आज सगळं जोडून टाकणार होतो. पण हे लिहिता लिहिता टेबलावरच्या उघड्या बोर्डाकडे लक्ष गेलं. बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) दोन्ही चिप, ८ एमबीची आणि ४ एमबीची, समोर दिसतायत. टी४३०मध्ये तिथे पोचायला जवळजवळ सगळं खोलावं लागतं, आणि आत्ता ते खोललेलंच आहे. मग कोअरबूट (बायोसच्या जागी टाकायचा मुक्त प्रोग्रॅम) आत्ताच का नाही? वाय-फाय कार्डाची व्हाइटलिस्टही (ठरावीक कार्डंच चालू देणारी यादी) जाईल, जास्त वेगाचं एसी कार्ड टाकता येईल. माझ्याकडचा काळा सीएच३४१ए (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट सोडतो, त्यामुळे आधी त्यालाच ३.३वर आणायचंय. दोन्ही चिप दोनदा वाचून फाइली जुळल्याशिवाय काही लिहिणार नाही, शप्पथ.

तर जोडणी रद्द. बोर्ड काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात झोपलाय, चिपला लावायची क्लिप गुरुवारी येतेय. कोणाकडे टी४३०साठी चालणारं कोअरबूटचं कॉन्फिग (सेटिंगची फाइल) असेल तर पाठवा.