अंगठा, गुलाबी कागद आणि राष्ट्राध्यक्षांचा फोटो

शनिवार, ७ डिसेंबर २०२४

घानात आज मतदान. सकाळी ७ ते संध्याकाळी ५. दर चार वर्षांनी डिसेंबरची सात तारीख, हे तिथं आता सणावारासारखं पक्कं झालंय.

मतदान कसं होतं ते आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. यादीत नाव सापडलं की बायोमेट्रिक यंत्रावर बोट ठेवायचं. यंत्रानं ओळख पटवली की बोटाला शाई लागते आणि मागे शिक्का मारलेली मतपत्रिका हातात येते. एक राष्ट्राध्यक्षपदाची, दुसरी खासदारकीची. पुठ्ठ्याच्या आडोशाला जायचं, शाईच्या पॅडवर अंगठा टेकायचा आणि आपल्या उमेदवाराच्या चौकटीत उमटवायचा. बटण नाही, पेन नाही. अंगठा दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर पडला की मत बाद होण्याची पाळी. शाई ओली असताना घाईनं घडी घातली तर तोच ठसा दुसरीकडेही उमटतो आणि संध्याकाळी मोजताना त्यावर हुज्जत होते.

चौकटीत चिन्हाबरोबर उमेदवाराचा फोटोही असतो. दोन मोठे पक्ष: सत्ताधारी एनपीपीचा हत्ती, विरोधी एनडीसीची छत्री, आणि शेजारी माणसाचा चेहरा. 'प्रतिमा' हा शब्द आपण राजकारणात फार सैल वापरतो, इथं ती अक्षरशः अंगठ्याखाली येते.

दोन मतपत्रिका असल्यामुळे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि खासदार दुसऱ्या पक्षाचा, अशी मतंही पडतात. त्याला तिथं 'स्कर्ट अँड ब्लाउज' म्हणतात: वरचं एका कापडाचं, खालचं दुसऱ्या. २०२० मध्ये एनपीपीचे नाना आकुफो-आडो राष्ट्राध्यक्ष झाले, पण संसदेत दोन्ही पक्ष १३७-१३७ वर अडकले, अधिक एक अपक्ष. सभापती विरोधी पक्षाचा आला. चेहरा चालला, पक्ष लंगडला.

आणखी एक गंमत. १९९२ पासून कोणत्याच पक्षाला सलग तिसऱ्यांदा सत्ता मिळालेली नाही. २०००, २००८, २०१६, म्हणजे दर आठ वर्षांनी सत्तांतर. म्हणून एनपीपीची यंदाची घोषणा होती 'ब्रेक द एट', आठाचा फेरा मोडू. मतपत्रिकेवरच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा विरोधी उमेदवार, माजी राष्ट्राध्यक्ष जॉन महामांच्या वाट्याला नेमका ८ हा आकडा आला. छत्रीवाल्यांना घोषणा लिहायला वेगळा माणूस ठेवावा लागला नसेल.

रविवार, ८ डिसेंबर

सकाळीच सत्ताधारी उमेदवार, उपराष्ट्राध्यक्ष महामुदू बावुमिया यांनी हार मान्य केली. निवडणूक आयोगानं अजून काहीही जाहीर केलेलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा दिलदारपणा वाटेल, आणि तो आहेही, पण त्याखाली एक गुलाबी कागद आहे.

पाचला मतदान संपलं की पेटी तिथंच, त्याच झाडाखाली किंवा शाळेच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर उघडतात. अधिकारी एकेक मतपत्रिका उंच धरून दाखवतो आणि जमलेली माणसं मोठ्यानं आकडा म्हणतात. मग तक्ता भरला जातो: नोंदलेले मतदार किती, दिलेल्या मतपत्रिका किती, बाद किती, कोणाला किती. प्रत्येक उमेदवाराची मतं आकड्यातही आणि अक्षरातही. त्यावर पक्षांचे एजंट सही करतात आणि प्रत्येकाला प्रत मिळते. हीच 'पिंक शीट'. ४० हजारांहून जास्त केंद्रं, तितक्याच शीट. तिथून मतदारसंघाची बेरीज, मग प्रदेशाची, मग राजधानी अक्रा.

ज्या पक्षाचा एजंट जवळजवळ प्रत्येक केंद्रावर आहे त्याला निकाल मध्यरात्रीच कळतो. रेडिओवाल्यांनाही कळतो. आयोगाला बेरीज अधिकृत करायला वेळ लागतो इतकंच.

घोटाळा होतो तो बहुधा याच कागदावर. २०१२ मध्ये महामा जिंकले, त्या निकालाविरुद्ध एनपीपी सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा हजारो शीट पुराव्यात होत्या. तक्रारी अशा: दिलेल्या मतपत्रिकांपेक्षा पेटीत मतं जास्त, केंद्राधिकाऱ्याची सही नाही, यंत्रावर बोट न लावता मतदान, एकच अनुक्रमांक दोन शीटवर. खटला टीव्हीवर थेट दाखवला आणि 'पिंक शीट' हा शब्द टॅक्सीवाल्यांच्या तोंडी बसला. २९ ऑगस्ट २०१३ ला याचिका फेटाळली गेली, तेव्हा हरलेल्या आकुफो-आडोंनी निकाल मानला. २००८ ची दुसरी फेरी तर ४०,५८६ मतांवर सुटली होती, तीही टाइन नावाच्या एका मतदारसंघात २ जानेवारीला उरलेलं मतदान झाल्यावर. इतकं घासून झालं तरी देश शांत राहिला, याचं श्रेय नेत्यांच्या मोठेपणाइतकंच त्या कागदाला द्यावं, असं माझं मत.

मंगळवार, १० डिसेंबर

काल संध्याकाळी आयोगाच्या अध्यक्ष जीन मेन्सा यांनी निकाल वाचला. २७६ पैकी २६७ मतदारसंघांची बेरीज: महामा ६३ लाख २८ हजार, म्हणजे ५६.५५ टक्के. बावुमिया ४६ लाख ५७ हजार, ४१.६१ टक्के.

सगळीकडे 'महामांची लाट' असं छापून येतंय. २०२० चे आकडे शेजारी ठेवले की लाट कुठं दिसत नाही. तेव्हा हरताना महामांना ६२ लाख १४ हजारांच्या आसपास मतं होती. चार वर्षांत वाढली जेमतेम एक लाख १४ हजार. एनपीपीची मात्र ६७ लाख ३० हजारांवरून वीस लाखांनी घसरली. नऊ मतदारसंघ बाकी आहेत, ते धरले तरी चित्र उलटत नाही. मतदान ७९ टक्क्यांवरून साठीच्या घरात आलंय. हत्तीवाल्यांचा मतदार छत्रीखाली गेला नाही, घरी बसला. २०१६ मध्ये महामा हरले तेव्हाही त्यांची स्वतःची सुमारे आठ लाख मतं गळाली होती, आकुफो-आडोंची वाढली होती पाचेक लाख. घानाचा मतदार नव्या चेहऱ्याच्या प्रेमात पडतो असं म्हणणाऱ्यांनी हे दोन गळतीचे आकडे आधी बघावेत.

मग जुन्या चेहऱ्याचं असं काय होतं? महामांच्या पहिल्या कारकिर्दीत विजेचं जे झालं त्याला तिथं 'डुमसोर' म्हणतात. ट्वी भाषेत डुम म्हणजे विझव, सोर म्हणजे पेटव. आपल्या लोडशेडिंगपेक्षा शब्द कितीतरी बोलका. २०१२ मध्ये एका जहाजाच्या नांगरानं नायजेरियाहून येणारी समुद्राखालची गॅसवाहिनी तोडली, पुढं आकोसोंबो धरणातलं पाणी उतरलं, आणि तेलावरची वीजनिर्मिती चालवायला पैसा नव्हता. २०१५ च्या वाईट दिवसांत १२ तास वीज आणि २४ तास अंधार असं वेळापत्रक होतं. बर्फातली मासळी, शिवणयंत्र, केस कापायची मशीन, सगळं त्या वेळापत्रकावर चालायचं. अशात महामा बोट्स्वानात बोलून बसले की आपण 'मेलेल्या बकऱ्या'सारखे झालोय, मेलेल्या बकऱ्याला सुरीची भीती नसते. म्हणायचं होतं की संपांना आपण बधत नाही. ऐकणाऱ्यांना ऐकू आलं की या माणसाला आता काही लागत नाही. पदावर असताना हरलेले ते घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष.

आकुफो-आडोंची तस्वीर अगदी उलट होती: मानवी हक्कांचे वकील, भाषणात करारी. २०१७ मध्ये त्यांनी 'गालामसे' म्हणजे बेकायदा सोनेखाणींविरुद्ध आपलं राष्ट्राध्यक्षपद पणाला लावतो असं सांगितलं. हे वाक्य त्यांना सात वर्षं पुरलं, वाईट अर्थानं. पोकलेननं काठ उकरायचा, नदीत तरंगत्या पंपांनी तळाचा गाळ उपसायचा, सोनं धरायला पारा ओतायचा, अशी ती रीत. प्रा नदी चहासारखी झाली. यंदा ऑगस्टमध्ये जल कंपनीनं सांगितलं की सेकयेरे हेमांगच्या शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या पाण्याची गढूळता सरासरी १४,००० एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे. केंद्र बांधलंय २,००० साठी. त्यापलीकडे तुरटी कितीही ओता, गाळ बसत नाही, टाक्या मातीनं भरतात, उत्पादन निम्म्याहून खाली येतं. परिणाम: केप कोस्ट आणि एल्मिनाचे नळ कोरडे. हा सेंट्रल प्रदेश, जिथं वारा फिरला की देशात फिरतो. या वेळी तो छत्रीकडे गेला.

बावुमियांची अडचण वेगळी, जरा दुःखद. अर्थतज्ज्ञ, मध्यवर्ती बँकेचे माजी उपगव्हर्नर. विरोधात असताना ते म्हणत, पाया कच्चा असेल तर विनिमयदर तुम्हाला उघडं पाडेल. २०१७ च्या सुरुवातीला डॉलरला सव्वाचार सेडी पडायचे, आता पंधराच्या आसपास. अर्थव्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या गटाचे प्रमुख तेच. डिसेंबर २०२२ मध्ये महागाई ५४ टक्क्यांवर गेली आणि सरकारनं देशांतर्गत रोख्यांची फेररचना काढली, तेव्हा पेन्शनीत निघालेली माणसं अर्थ मंत्रालयासमोर फलक घेऊन बसली. त्यांत एक माजी सरन्यायाधीशही होत्या. २०२२ पासून मोबाइलवरून पैसे पाठवले तरी ई-लेव्ही होती, आधी दीड टक्का, मग एक. डिजिटल घानाचा चेहरा म्हणून ज्यांना पुढं केलं, त्यांच्याच फोनवर कर.

यावर मतदानाला महिना उरला असताना सेकोंडी-ताकोराडीत आकुफो-आडोंच्याच हस्ते त्यांचाच पुतळा उभा राहिला. कोणी सुचवलं असेल?

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

अक्राच्या ब्लॅक स्टार चौकात महामांचा शपथविधी झाला. घटनेप्रमाणे ही त्यांची शेवटची टर्म. प्रचारात ही गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली: पुन्हा उभं राहायचं नाही म्हणजे नाव राखायला काम करेल, असा हिशोब. मंत्री साठच्या वर नेणार नाही हेही सांगून झालंय. आकुफो-आडोंनी २०१७ मध्ये ११० नेमले होते, तो आकडा लोक अजून बोटांवर मोजून दाखवतात.

वर शपथ होते तेव्हा खाली काय होतं, ते बातम्यांत उशिरा येतं. विजयी पक्षाचे कार्यकर्ते, तिथले 'फुट सोल्जर', मागच्या सत्तांतरांत सार्वजनिक शौचालयं आणि टोलनाके ताब्यात घेत. हसण्यासारखं नाही. शौचालयात माणशी सुट्टे पैसे मिळतात, रोजचे, रोख. गल्लीत सरकार बदललं म्हणजे ती पेटी कोणाकडे गेली. पक्षांच्या दंडेलीच्या टोळ्यांवर २०१९ मध्ये कायदा झाला, पण टोळी आणि कार्यकर्ता यांच्यातली रेषा पोलिसांनी कुठं ओढायची हे त्यात सुटत नाही.

आणि ज्युबिली हाउस. राष्ट्राध्यक्षांचं हे कार्यालय भारताच्या कर्जातून उभं राहिलं, बांधलं मुंबईच्या शापूरजी पालनजींनी. २००८ च्या अखेरीस तेव्हाचे एनपीपीचे राष्ट्राध्यक्ष कुफुओर यांनी उद्घाटन केलं, नाव गोल्डन ज्युबिली हाउस. एनडीसीला ती उधळपट्टी वाटली. त्या पक्षाचे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मिल्स तिथं राहायला गेलेच नाहीत, गुलामांच्या व्यापाराच्या काळातल्या ओसूच्या किल्ल्यातूनच कारभार केला, आणि इमारतीचं नाव झालं फ्लॅगस्टाफ हाउस. त्यांच्या पश्चात महामा २०१३ मध्ये तिथं गेले. २०१८ मध्ये आकुफो-आडोंनी पाटी पुन्हा ज्युबिली हाउस केली.

आज महामा त्याच दारातून आत गेले. पाटी अजून ज्युबिलीचीच आहे.