अँटी-डी आणि माध्यम : आमची वाटचाल

रक्तगट तपासणीतली अँटी-ए आणि अँटी-बी ही प्रतिपिंडं (लाल पेशींवरच्या ए आणि बी या खुणा ओळखणारी प्रथिनं) उंदराच्या हायब्रिडोमापासून, म्हणजे प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्कपेशी जुळवून केलेल्या पेशींपासून, मिळतात. आरएच गटातली डी ही खूण ओळखणारी अँटी-डी तशी मिळत नाही. त्यासाठी डीविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेल्या आरएच-निगेटिव्ह माणसाच्या बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) एप्स्टाइन-बार विषाणूने वाढवून उंदराच्या मायलोमा कर्कपेशींशी जुळवतात. या जुळलेल्या पेशी हट्टी असतात, आणि त्यांना काय खाऊ घालायचं, म्हणजे कोणतं माध्यम (पेशी वाढवायचा पोषक द्रव) वापरायचं, यातच आमची बरीचशी वाटचाल झाली.

आरंभी आरपीएमआय १६४० हे माध्यम आणि त्यात १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम). पेशी जोमाने वाढायच्या, पण सीरमचा लॉट बदलला की टायटरही, म्हणजे प्रतिपिंड किती पट विरल करूनही काम करतं तो आकडाही, बदलायचं. म्हणून आधी नमुने मागवायचे, त्याच पेशी तीन पॅसेज (वाढलेल्या पेशी ताज्या माध्यमात पुन्हा लावणं) चालवून बघायच्या आणि मगच पूर्ण लॉट राखून ठेवायचा, ही शिस्त लागली.

पुढे सीरमशिवाय चालणाऱ्या ईआरडीएफ या माध्यमावर आलो. दर मिलिलिटरला इन्सुलिन १० आणि ट्रान्सफेरिन २० मायक्रोग्रॅम, शिवाय इथेनॉलअमाइन २० मायक्रोमोलर, सेलेनाइट २५ नॅनोमोलर. इथेनॉलअमाइन कधीही वगळू नये: पेशीच्या आवरणातलं एक फॉस्फोलिपिड (स्निग्ध घटक) त्यापासून बनतं. सीरम एकदम बंद केलं तर पेशी मरतात. १०, ५, २.५, १ आणि शून्य टक्के अशा पायऱ्या घ्या. प्रत्येक पायरीवर दोन-तीन पॅसेज, आणि जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या वर असल्याशिवाय खाली उतरू नका. या काळात मिलिलिटरला निदान ३ लाख पेशी ठेवा. विरळ पेरल्या की वाढ अडते. सीरममधली प्रथिनं नसल्याने अँटिबायोटिक जास्त बोचतं, मात्रा अर्धी करा. सेंट्रिफ्यूजही हळू फिरवा.

माध्यमाची परीक्षा नुसत्या वाढीवर करू नये, हे आमचं ठाम मत आहे. समजा, एका फ्लास्कमध्ये चार दिवसांत मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम प्रतिपिंड मिळालं आणि पेशी सरासरी १० लाख होत्या. दर पेशी दर दिवस १० पिकोग्रॅम झालं. दुसऱ्यात ३६ मायक्रोग्रॅम, पण पेशी ६ लाखच: १५ पिकोग्रॅम. दुसरं माध्यम सरस.

सगळ्यात मोठा धोका हळूहळू येतो. या पेशी मानवी गुणसूत्रं गाळत जातात. प्रतिपिंड न बनवणाऱ्या पेशी बहुधा जास्त वेगाने वाढतात आणि फ्लास्क व्यापतात. माध्यमाला दोष देण्याआधी लिमिटिंग डायल्युशनने (खळग्यात एकच पेशी पडेल इतकं विरल करून) पुन्हा क्लोन, म्हणजे एकाच पेशीची वाढ, काढून एलायझा (प्रतिपिंड किती आहे ते मोजणारी चाचणी) करावी. द्रव नायट्रोजनमधला मूळ साठा याचसाठी जपायचा.

माध्यमातलं ग्लुटामीन (पेशींना लागणारं अमिनो आम्ल) ३७ अंशाला आपोआप मोडतं आणि अमोनिया साठतो. बाटली उघडल्याची तारीख लिहा. जुन्या माध्यमात ते ताजं घालावं, किंवा त्याचं टिकाऊ रूप, अ‍ॅलानिल-ग्लुटामीन, वापरावं. आमची अँटी-डी आयजीएम (आकाराने मोठ्या प्रतिपिंडांचा प्रकार) असल्याने ती सलाइनमध्येच लाल पेशींच्या गुठळ्या करते. म्हणून एलायझाचा आकडा चांगला आला तरी दुप्पट विरलन करत लाल पेशींवर टायटर बघितल्याशिवाय आम्ही बॅच पुढे पाठवत नाही.